बोलायला उभे राहण्यापूर्वीची भीती आणि पहिली दोन मिनिटे

भाषणाची वेळ जवळ येते तशी छाती धडधडू लागते, घशाला कोरड पडते, तळहात घामेजतात आणि एरवी तोंडपाठ असलेला मुद्दाही आठवेनासा होतो. या अवस्थेतून जाणारा माणूस बहुधा एकच गोष्ट करू पाहतो: आधी भीती पूर्ण घालवायची आणि मगच बोलायला उभे राहायचे. मला हा क्रमच चुकीचा वाटतो, कारण भीती संपण्याची वाट पाहणारे लोक वर्षानुवर्षे वाटच पाहत राहतात आणि बोलण्याचा प्रत्येक प्रसंग टाळल्यामुळे त्यांची भीती अधिकच घट्ट होते. भीती सोबत असतानाही नीट बोलता येईल अशी तयारी करणे हा खरा मार्ग आहे आणि तो कोणालाही शिकता येतो.

त्यासाठी शरीरात नेमके काय घडते ते आधी समजून घ्यावे. धोका जाणवताच अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला संकटासाठी सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, जागी होते आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनालिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात, लाळ कमी होते आणि हातांना सूक्ष्म कंप सुटतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्णन केलेली ‘लढा किंवा पळा’ ही प्रतिक्रिया ती हीच. समोर हिंस्र प्राणी आहे की आपल्याकडे पाहणारे शंभर डोळे आहेत, यात शरीर फारसा फरक करत नाही. मात्र हा भर कायम टिकत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो बोलणे सुरू होण्याच्या सुमारास आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वाधिक असतो आणि पुढे आपोआप ओसरू लागतो. म्हणजेच आपल्याला पूर्ण अर्धा तास निभावून न्यायचा नसतो, पहिली दोन मिनिटे निभावायची असतात. तयारीचा मोठा वाटा तिथेच खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीची तीन-चार वाक्ये शब्दशः पाठ करावीत, इतकी की झोपेतून उठवून विचारले तरी ती तोंडातून बाहेर पडावीत. ही वाक्ये छोटी असावीत, त्यांत अडखळायला लावणारी जोडाक्षरे किंवा आकडे नसावेत आणि ती थेट विषयात शिरणारी असावीत. शेवटचे एक वाक्यही ठरवून ठेवावे, म्हणजे थांबायचे कुठे या चिंतेत शेवट लांबत जात नाही. मधला सगळा भाग मात्र पाठ करू नये. मी एकदा संपूर्ण भाषण अक्षरन् अक्षर पाठ करून उभा राहिलो होतो. मध्येच एक वाक्य निसटले आणि त्याच्या आधाराने उभी असलेली पुढची सगळी वाक्येही निसटली. पाठ केलेल्या मजकुराची रचना साखळीसारखी असते आणि एक कडी तुटली की पुढचा दोर हाती येत नाही. मुद्द्यांचे तसे नसते, कारण एक मुद्दा सुटला तरी पुढच्यावर जाता येते. म्हणून पाच-सहा मुद्दे, प्रत्येकी दोन-तीन शब्दांत, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत आणि त्यासाठी जाड पुठ्ठ्याचे कार्ड वापरावे, कारण पातळ कागद हाताचा कंप मोठा करून दाखवतो.

सराव म्हणजे मनातल्या मनात वाचणे नव्हे, हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच आहे. मनात वाचताना आवाज, श्वास आणि जीभ यांपैकी कशाचीच परीक्षा होत नाही. उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोलावे. आधी एकट्याने, मग घरातल्या एका माणसासमोर, मग तीन-चार परिचितांसमोर. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज परका वाटतो, तरीही ऐकावेच, कारण आपण कुठे घाई करतो आणि वाक्याचा शेवट कुठे गिळतो, हे दुसऱ्या कोणत्याही उपायाने इतके स्पष्ट कळत नाही. शक्य असल्यास एक तालीम मुद्दाम चुकत करावी, म्हणजे मध्येच थांबावे, कार्ड पाहावे आणि पुन्हा सुरू करावे. प्रत्यक्षात अडखळल्यावर काय करायचे याचा सराव झाला, की अडखळण्याची धास्तीच निम्मी होते.

प्रसंगाच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचावे, व्यासपीठावर जाऊन उभे राहून पाहावे, माईकची उंची आपल्या तोंडाशी जुळवून घ्यावी आणि त्यात दोन वाक्ये बोलून पाहावीत. साधे पाणी जवळ ठेवावे. नेहमीपेक्षा जास्त चहा-कॉफी घेऊ नये, कारण कॅफीनमुळे वाढलेली धडधड आणि भीतीची धडधड यांत आपल्याला फरक करता येत नाही. नाव पुकारले जाण्यापूर्वीच्या काही मिनिटांत श्वासाकडे लक्ष द्यावे: चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणे किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे असते.

याच वेळी बरेच जण स्वतःला ‘शांत हो, शांत हो’ असे बजावत राहतात. अमेरिकी संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांचे बोलणे ऐकणाऱ्यांना अधिक प्रभावी वाटले. उत्सुकतेतही छाती धडधडतेच, त्यामुळे धडधडणाऱ्या शरीराला शांततेकडे ओढण्यापेक्षा उत्सुकतेकडे वळवणे सोपे जाते. दुसरा अभ्यास मला याहूनही मोलाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवून दिले, की आपण किती घाबरलेले दिसतो याचा वक्त्याचा अंदाज श्रोत्यांना प्रत्यक्ष दिसणाऱ्या भीतीपेक्षा जास्त असतो आणि ही गोष्ट आधी समजावून सांगितलेले वक्ते अधिक चांगले बोलतात. आपल्याला कानात ऐकू येणारी धडधड तिसऱ्या रांगेत ऐकू जात नाही. म्हणूनच ‘मी फार घाबरलो आहे, सांभाळून घ्या’ अशी सुरुवात करू नये, कारण न दिसलेली भीती शोधायला आपणच श्रोत्यांना सांगतो.

भीतीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: लोक मला काय म्हणतील? त्या जागी ‘या लोकांना काय कळायला हवे आहे?’ हा प्रश्न आणता आला, तर लक्ष स्वतःवरून विषयाकडे जाते. महात्मा गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात आपल्या पहिल्या खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना आणि ते खाली बसले. पुढे 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर प्रिटोरियातील भारतीय व्यापाऱ्यांसमोर ते व्यापारातील सचोटी या विषयावर तयारीनिशी बोलले आणि ते आपल्या आयुष्यातील पहिले सार्वजनिक भाषण होते, असे त्यांनीच लिहिले आहे. मला त्यात दिसते ते असे, की त्या दिवशी त्यांच्यापाशी विषय होता, तो त्यांना मनापासून सांगायचा होता आणि समोरच्यांना त्याची गरज होती.

उभे राहिल्यावर लगेच बोलू नये. पाय जमिनीवर स्थिर ठेवावेत, एक श्वास पूर्ण सोडावा, समोरचा एक आश्वासक चेहरा शोधून पहिले वाक्य त्या व्यक्तीला सांगावे आणि मग पुढचे वाक्य दुसऱ्या कोणाला तरी. मुद्दा विसरला तर थांबावे, आधीचे वाक्य वेगळ्या शब्दांत सांगावे, कार्डाकडे पाहावे. वक्त्याला युगासारखा वाटणारा तो विराम श्रोत्यांना केवळ विचार करण्याचा क्षण वाटतो.

काहींची भीती मात्र याच्या पलीकडची असते. ती नोकरी, शिक्षण किंवा रोजचे व्यवहार अडवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा (सीबीटी) अशा भीतीवर चांगला उपयोग होतो. धडधड आणि कंप कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या काहींना डॉक्टर देतात, परंतु दम्याच्या रुग्णांना त्या धोकादायक ठरू शकतात, म्हणून मित्राने दिली म्हणून गोळी घेऊ नये.

भाषण झाल्यावर त्याच रात्री दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: काय जमले आणि पुढच्या वेळी कोणता एक बदल करायचा. त्यानंतर, पहिल्या अनुभवाची ऊब असेपर्यंत, महिनाभराच्या आत बोलण्याची दुसरी संधी स्वतःहून मागून घ्यावी, मग ती बैठकीत पाच मिनिटांचा आढावा देण्याची किंवा पाहुण्यांचा परिचय करून देण्याची का असेना.