'काल' आला की 'हॅव' काढायचं
मी सावद्याला केळी एक्सपोर्टच्या ऑफिसात आहे, बाहेरच्या पार्टीला इंग्रजी मेल माझ्याकडेच. मी कायम लिहायचो "वी हॅव लोडेड द कंटेनर यस्टरडे", कारण मराठीत आपण "काल कंटेनर भरलाय" बिनधास्त म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पण इंग्रजीत संपलेली वेळ सांगितली की हॅव चालत नाही, नुसतं "वी लोडेड". आता पाठवायच्या आधी यस्टरडे, लास्ट वीक, ॲगो शोधतो, दिसलं की हॅव उडवतो. खरा छळ सिन्सचा. "2019 पासून करतोय" म्हणून "आय ॲम वर्किंग सिन्स 2019" लिहायचो, तिथे मात्र "हॅव बीन वर्किंग" लागतंच! ते टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.