कॅम्पसच्या दवाखान्यातला कचरा: या चुका टाळा

कॅम्पसमधल्या दवाखान्यात मोठ्या शस्त्रक्रिया होत नाहीत. येतात ते सर्दी-ताप, मुरगळलेले घोटे, खेळताना फुटलेले गुडघे, लस टोचून घेणारे आणि साखर तपासायला येणारे. तरीही संसर्गजन्य कचऱ्याच्या पिशव्या रोज टम्म फुगत असतील, तर आधी आत काय पडतंय ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आरोग्यसेवेतला साधारण ८५ टक्के कचरा घरातल्या कचऱ्याइतकाच निरुपद्रवी असतो. धोकादायक उरतो तो १५ टक्के. पण वेष्टनं, खोकी, चिठ्ठ्या त्याच पिशवीत गेल्या की सगळीच पिशवी संसर्गजन्य ठरते आणि तिच्यातलं काहीच परत वापरात येत नाही.

डबा चुकीच्या जागी ठेवणे

माझ्या मते निम्मं दुखणं इथेच आहे. एक इंजेक्शन देताना काय काय उरतं ते पाहा: सिरिंजचं वेष्टन, औषधाचं खोकं, त्यातलं माहितीपत्रक, कापसाचा बोळा आणि सुईसकट सिरिंज. यातल्या पहिल्या तीन गोष्टी रुग्णाला शिवलेल्याही नसतात. पण सिस्टरच्या हाताशी संसर्गजन्य कचऱ्याचा डबा असला, तर पाचही गोष्टी त्यातच जाणार. गर्दीच्या वेळी कोणीही दोन पावलं चालत जाऊन कागद वेगळा टाकत नाही. भिंतीवर कितीही पोस्टर लावा, हात जवळच्या डब्याकडेच जातो.

म्हणून सुयांचा डबा हाताच्या अंतरावर, साध्या कचऱ्याचा त्याच्या शेजारी आणि संसर्गजन्य कचऱ्याचा पायाने उघडणारा डबा एक पाऊल पलीकडे ठेवा. प्रतीक्षा कक्षात आणि नोंदणीच्या टेबलाजवळ संसर्गजन्य डब्याचं काही कामच नसतं. तो तिथून उचला.

पोस्टर लावायचंच असेल तर इंटरनेटवरून उतरवलेलं नको. रंगांचे नियम देशोदेशी वेगळे असतात. भारतात लाल पिशवी दूषित पण पुनर्वापरयोग्य प्लास्टिकसाठी असते, तर अमेरिकेत लाल पिशवीत सरसकट संसर्गजन्य कचरा जातो. तिकडचं चित्र इकडे चिकटवलं की रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग प्लास्टिकमध्ये जाऊन पडतं.

प्रत्येक कामाला हातमोजे

रक्तदाब घ्यायला हातमोजे, ताप बघायला हातमोजे, लस द्यायलाही हातमोजे. त्वचा धडधाकट असेल तर साध्या स्नायूतल्या किंवा त्वचेखालच्या इंजेक्शनला त्यांची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. हात स्वच्छ केले की पुरे. रक्त काढताना, जखम साफ करताना मात्र ते हवेतच. लसीकरणाच्या दिवशी एवढी एक सवय बदलली तरी पिशवी डोळ्यांना दिसेल इतकी हलकी होते.

नको तिथे काटकसर

सिरिंज, सुई, लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई) पुन्हा वापरणं हा कचरा कमी करण्याचा मार्ग नव्हे. बोट टोचायचं पेनासारखं उपकरण अनेकांना वापरल्याने हेपॅटायटिस बी (यकृताचा संसर्गजन्य आजार) पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. धातूचे ट्रे, चिमटे, कात्र्या धुऊन, ऑटोक्लेव्ह करून (म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) वर्षानुवर्षं वापरता येतात. काटकसर करायची तर तिथे करा.

सुईला पुन्हा टोपण लावणं ही जुनी खोड. संसर्गित रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. सुयांचा डबा पाऊण भरला की बंद करायचा, वरून दाबून जागा करायची नाही. आणि हेपॅटायटिस बीची लस सफाईवाल्या मावशींनाही हवी. भरलेल्या पिशव्या उचलतात त्या.

उत्साही स्वयंसेवक

विद्यार्थ्यांचा पर्यावरण गट येतो, हातमोजे घालतो आणि पिशव्या उघडून प्लास्टिक वेगळं करायला बसतो. हेतू चांगला, पण हे तिथल्या तिथे थांबवा. बांधलेली पिशवी पुन्हा उघडायची नाही, कोणत्याही कारणाने नाही. या मुलांना कोऱ्या मालाच्या बाजूला कामाला लावा: खोकी चपटी करणं, माहितीपत्रकं गोळा करणं, एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिक असलेली वेष्टनं सोलून वेगळी करणं. दूषित प्लास्टिकचा पुनर्वापर होतो, पण आधी ऑटोक्लेव्ह, मग तुकडे, आणि तेही परवाना असलेल्या केंद्रात. मागच्या आवारात जाळलं तर पीव्हीसी या प्लास्टिकमधून डायॉक्सिन हे विषारी रसायन निघतं. ब्लीचमध्ये बुडवलेली वस्तू ऑटोक्लेव्हमध्येही घालू नये, क्लोरीनचे वायू सुटतात.

सत्र विसरून केलेली खरेदी

सुट्टीच्या तोंडावर भरलेलं कपाट उघडेपर्यंत निम्म्या औषधांची मुदत संपलेली असते. मुदत आधी संपणारी खोकी पुढे ठेवा आणि सुट्टीपूर्वीची ऑर्डर छोटी करा. अनेक डोसांची कुपी उघडली की तिच्यावर तारीख लिहा. उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर ती २८ दिवसांत संपवायची असते. तारीख नसली की कोणीतरी धसका घेऊन भरलेली कुपी टाकून देतं. प्रयोगशाळा, जिम, वसतिगृहातल्या प्रथमोपचार पेट्या तर कोणाच्याच यादीत नसतात. मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका, आणि इन्हेलर जाळायच्या कचऱ्यात टाकू नका. त्यातला दाबाखालचा डबा आगीत फुटतो.

एवढं करूनही वजन हलत नसेल तर

पिशव्या खोलीनिहाय तोला आणि वजनाला त्या दिवशीच्या रुग्णसंख्येने भागा. नुसतं महिन्याचं एकूण वजन फसवं असतं, कारण परीक्षेच्या दिवसांत दवाखान्यात गर्दीच वेगळी असते. एकाच खोलीचा आकडा चढा असेल तर तिथल्या डब्यांची जागा बघा. सगळीकडे चढा असेल तर हातमोज्यांचा हिशेब बघा. आकडा एकाएकी खूप उतरला तर खूश होण्याआधी साध्या कचऱ्याकडे नीट बघा, धोकादायक माल तिकडे तर जात नाही ना.

कधीकधी दवाखान्यात सगळं चोख असतं आणि सुई वसतिगृहाच्या कचऱ्यात सापडते. ती बहुधा इन्सुलिन घेणाऱ्या विद्यार्थ्याची असते. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की ती कुठे टाकायची. अशा विद्यार्थ्यांना दवाखान्यातून झाकणाचा छोटा जाड डबा द्या, आणि भरलेला परत आणला की बदल्यात रिकामा. नाव-गाव न विचारता दिला तर जास्त डबे परत येतील.