फ्रान्सिस विलर्ड यांचे चरित्र लिहिताना

मद्यपानाविरुद्ध अमेरिकाभर फिरून व्याख्याने देणाऱ्या फ्रान्सिस विलर्ड (१८३९–१८९८) यांचे चरित्र लिहावयाचे असेल, तर प्रथम त्यांचे दौरे नकाशावर मांडावेत. कारण १८७४ मध्ये स्थापन झालेली वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन ही दारूविरोधी स्त्री-संघटना गावोगावी रुजली, ती मुख्यतः अशा अथक प्रवासामुळेच. १८७९ पासून अखेरपर्यंत त्या तिच्या अध्यक्ष होत्या. मग १८८९ चे आत्मचरित्र वाचावे. ते संघटनेच्या आदेशावरून लिहिले गेले असल्यामुळे त्यातील प्रत्येक प्रसंग त्यांच्या रोजनिशीशी ताडून पाहावा. सार्वजनिक बाई आणि एकटी बाई यांतील अंतर तेथेच दिसते, आणि माझ्या मते चरित्राचा खरा जीव त्या अंतरातच असतो.

लहान तपशील गाळू नयेत. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या आणि त्या सायकलीला त्यांनी ‘ग्लॅडिस’ असे नाव दिले. या एका प्रसंगातून त्यांची जिद्द जितकी उमगते, तितकी दहा भाषणांतूनही उमगत नाही.

कृष्णवर्णीयांविषयीच्या त्यांच्या विधानांवर कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी केलेली कठोर टीका तळटीपेत न ढकलता मुख्य प्रकरणातच सविस्तर मांडावी.