कस्टमने किंमत वाढवली? पत्रावर सही करण्याआधी हे वाचा

न्हावाशेव्याला मी २४ वर्षं कस्टम ब्रोकर म्हणून काम करते आहे. छोट्या आयातदाराचं सर्वांत मोठं नुकसान मी कोर्टात झालेलं पाहिलेलं नाही. ते होतं एका पत्रामुळे, माल अडकलेला असताना घाईत सही केलेल्या.

भोसरीच्या एका कारखानदाराने हायड्रॉलिक व्हॉल्व्ह मागवले होते. असेसमेंटमध्ये, म्हणजे कस्टमने ड्युटी ठरवताना, त्यांची किंमत वाढवून धरली गेली. कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराच्या कंटेनर यार्डात) पडून, तिथल्या जागेचं भाडं, म्हणजे ग्राउंड रेंट, रोज चढतोय, कंटेनर अडकवल्याचं शिपिंग लाइनचं डिटेन्शन वेगळंच. तेव्हाच्या त्यांच्या एजंटाने सांगितलं, ‘एक पत्र द्या, माल सुटेल.’ पत्रात लिहिलं होतं: वाढीव किंमत मान्य आहे, कारणांसह आदेश नको. माल सुटला. आठ महिन्यांनी जादा भरलेली ड्युटी परत मिळवायला ते माझ्याकडे आले, तेव्हा माझ्या हातात काही उरलं नव्हतं. असेसमेंटला अपिलात आव्हान दिल्याशिवाय रिफंड मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आणि अपिलाची मुदत कधीच संपली होती.

म्हणून किंमतीवर क्वेरी आली की आधी लेखी उत्तर द्या. २००७ च्या कस्टम मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ प्रमाणे, तुम्ही मागितलंत तर शंकेची कारणं लेखी द्यावी लागतात आणि म्हणणं मांडायची संधीही द्यावी लागते. मे २०१९ च्या सेंच्युरी मेटल निकालात, अॅल्युमिनियम भंगाराच्या बाबतीत, कोर्टाने हेच बजावलं. उत्तरासोबत पर्चेस ऑर्डर, बँकेतून पैसे पाठवल्याचा पुरावा, भावाची घासाघीस झालेले ईमेल आणि त्याच पुरवठादाराच्या जुन्या बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाची कस्टमला दिलेली घोषणापत्रं) जोडा. ईमेल लोक विसरतात. मला मात्र तोच सगळ्यांत बोलका कागद वाटतो. तुलनेसाठी दुसऱ्या कोणाची आयात दाखवली असेल तर मॉडेल, देश, तारीख आणि नगांची संख्या ताडून पाहा. दहा नगांचा भाव दोन हजार नगांना लागू होत नाही.

माल तातडीने हवा असेल तर कस्टम कायद्याच्या कलम १८ खाली प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती, असेसमेंट मागा; बॉन्ड आणि सिक्युरिटी द्यावी लागेल. नाहीतर ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून, ड्युटी भरा आणि कलम १७(५) प्रमाणे कारणांसह आदेश हवा, असं लिहून द्या. फेर-असेसमेंटनंतर १५ दिवसांत तो द्यायचा असतो. ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहिलं म्हणजे अपिलाची गरज संपली, असं मात्र समजू नका.

आदेश हातात आला की त्यावर मिळाल्याची तारीख घाला, पाकीट जपून ठेवा. कमिशनर (अपील्स) यांच्याकडे जायला ६० दिवस असतात. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवसांपर्यंतचा उशीर ते माफ करू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. एक्साइजच्या कायद्यातही हीच मर्यादा आहे. सिंग एन्टरप्रायझेसच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती पक्की केली. आजारपण, बदललेला अकाउंटंट, काहीही सांगा, ९१ वा दिवस उजाडला की दार बंद. अपिलाचा फॉर्म सीए-१ भरायचा आणि वादातल्या ड्युटीच्या ७.५ टक्के रक्कम आधी जमा करायची. तिथे हरलात तर त्यावरच्या अपील ट्रिब्युनलसाठी तीन महिने मिळतात.

माल जप्तच झाला असेल तर पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी मागा. कलम ११० प्रमाणे सहा महिन्यांत शो-कॉज (कारणे दाखवा) नोटीस आली नाही तर माल परत द्यावा लागतो. मुदत आणखी सहा महिने वाढवायची तर कारणं लेखी नोंदवून, आधीची मुदत संपण्यापूर्वी तुम्हाला कळवावं लागतं. पण ११०-ए खाली माल तात्पुरता सोडण्याचा आदेश झाला की ही सहा महिन्यांची अट लागू राहत नाही. अर्ज करण्याआधी याचा हिशेब मांडा. नाशवंत माल असेल तर मी अर्जच करायला सांगते.

भोसरीच्या त्या कारखानदारांच्या पुढच्या कन्साइनमेंटचीही किंमत वाढवली गेली. या वेळी आमच्या पत्रात दोनच ओळी होत्या: वाढीव किंमत मान्य नाही, कारणांसह आदेश द्यावा. आदेश तेराव्या दिवशी मिळाला, आणि विसाव्या दिवशी आम्ही अपील दाखल केलं.