एकाच रास्पबेरी पायवर कोडी (सिनेमे), गेम आणि डेस्कटॉप: या चुका टाळा

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवगडहून आत्याचा फोन आला. "झिला, टीव्हीक काय झाला रे? कालपर्यंत बरो चलत होतो." घरात मुंबईहून आलेली सोळा माणसं. आरती आटपून सगळे दशावताराचं रेकॉर्डिंग बघायला माजघरात बसलेले, आणि पडद्यावर गेमचा मेनू. रिमोटचं कुठलंही बटण दाबा, ढिम्म.

बिघाड काहीच नव्हता. त्या घरच्या टीव्हीला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर जोडलाय, आणि त्यावर मीच तीन सिस्टिम बसवल्या होत्या: सिनेमे बघायला लिब्रीलेक, म्हणजे 'कोडी' हा सिनेमे चालवणारा प्रोग्राम उघडणारी सिस्टिम, पोरांच्या जुन्या गेमसाठी रेट्रोपाय, आणि वीजबिल, सातबारा असल्या कामांसाठी रास्पबेरी पाय ओएस. तिन्ही पिन (PINN) नावाच्या मल्टीबूट मेनूतून, म्हणजे एकाच कार्डावरच्या अनेक सिस्टिमांतून एक निवडायच्या मेनूतून, सुरू होतात. कोणी काही निवडलं नाही तर मेनू थोडा वेळ थांबतो आणि शेवटी वापरलेली सिस्टिम उघडतो. आदल्या रात्री नातवाने गेम खेळून प्लग काढला होता. सकाळी पायने इमानेइतबारे गेमच उघडला.

चूक माझी. पिनमध्ये एक सिस्टिम 'स्टिकी' करून ठेवायची सोय आहे. ती केली की आधी काहीही चाललेलं असो, न विचारता तीच उघडते. घरातल्या ज्या माणसाला फक्त रिमोट कळतो त्याची सिस्टिम स्टिकी करा. बाकीच्यांनी सुरुवातीला शिफ्ट दाबून मेनू आणावा. त्यासाठी वायरचा कीबोर्ड लागतो, ब्लूटूथचा त्या क्षणी जोडलेलाच नसतो. कोडीत टीव्हीचा रिमोट एचडीएमआय-सीईसीमुळे (एचडीएमआय केबलमधूनच बटणांचे इशारे पोचतात) चालतो, म्हणून मेनूतही चालेल असं धरून बसू नका. दहा रुपयांची पिशवी घ्या, एक स्वस्त कीबोर्ड तिच्यात घाला आणि टीव्हीमागे टांगून ठेवा.

आता मुळातला प्रश्न. एका मेमरी कार्डावर तीन सिस्टिम हव्यातच कशाला? खरं सांगायचं तर निम्म्या घरांना नकोत. दोन वेगळी कार्डं घ्या, पेनने 'सिनेमा' आणि 'गेम' लिहा, बदलत राहा. एक बिघडलं तरी दुसरं शाबूत. पण पाय ३ पासून कार्डाच्या खाचेत ती दाबल्यावर 'टिक' करणारी स्प्रिंग नाही. नखाएवढं कार्ड चिमटीत धरून ओढायचं आणि भिंतीवरच्या टीव्हीमागे अंदाजाने परत घुसवायचं. आमच्याकडे एक कार्ड असंच टीव्हीच्या कपाटामागे पडलं, ते दिवाळीच्या साफसफाईत सापडलं. पाय जिथे हाताला सहज येत नाही तिथे मल्टीबूट खरंच उपयोगी.

कार्ड तयार करताना

पहिला घोळ इथेच होतो. ६४ जीबीचं कार्ड दुकानातून येतं ते एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत). पिनला फॅट३२ लागतं आणि विंडोजची फॉरमॅटची चौकट ३२ जीबीच्या वर फॅट३२ द्यायला वर्षानुवर्षं नकार देत आली आहे. सोपा रस्ता म्हणजे कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर हा कार्ड तयार करायचा प्रोग्राम उघडा, सिस्टिमच्या यादीत खाली 'इरेज' आहे, ते निवडा. कार्ड फॅट३२ होऊन हातात येतं.

मग पिनची झिप उघडून आतल्या फाइली कार्डावर टाकायच्या. फाइली, फोल्डर नव्हे. झिप उघडताना विंडोज स्वतःहून एक फोल्डर करतं आणि माणूस तो तसाच्या तसा उचलून टाकतो. मग पाय चालू होत नाही, पडदा काळा, आणि हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबतो, पुन्हा चार वेळा. चार म्हणजे सुरुवातीची फाइल सापडली नाही. सात वेळा लुकलुकला तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सापडलं नाही. हा दिवा मोजायची सवय लावा. पडदा काळा असताना पाय तुमच्याशी फक्त त्या दिव्यातूनच बोलतो.

सप्तरंगी चौकोन दिसून तिथेच अडकलं, तर बहुतेक वेळा इमेज, म्हणजे कार्डावर उतरवायची तयार सिस्टिम, चुकीच्या मॉडेलची असते. पाय ३ च्या काळातलं जुनं कार्ड पाय ४ मध्ये घालून चालत नाही. लिब्रीलेकच्या पाय ४ आणि पाय ५ च्या इमेज वेगळ्या आहेत. पाय ५ ला रास्पबेरी पाय ओएस हवी तर २०२३ ची 'बुकवर्म' आवृत्ती किंवा त्यानंतरचीच. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली 'एकदम चालणारी' इमेज कुठल्या पायवर चालत होती, तेवढं आधी विचारा.

आणि स्वस्त कार्डांपासून जपा. बाजारात १२८ जीबी म्हणून मिळालेल्या कार्डात खरी जागा आठच जीबी असू शकते. कार्डातल्या चिपमध्येच मुद्दाम खोटा आकडा भरलेला असतो, म्हणून कॉम्प्युटरही १२८ च दाखवतो. पहिली सिस्टिम नीट बसते, दुसरी बसते, तिसरी बसताना पहिली गायब. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री चालवून कार्ड पूर्ण भरून बघा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

सिस्टिम बसवताना

पिनच्या पहिल्या पडद्यावर सिस्टिमवर खुणा करून 'इन्स्टॉल' दाबलं की कार्डावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. सगळं. "फक्त रेट्रोपाय वाढवतोय" म्हणून त्याच पडद्यावर खूण करणाऱ्यांची कोडीची लायब्ररी आणि पाहिलेल्या भागांच्या खुणा अशाच गेल्या आहेत. पिन तशी सूचना देतो, पण इंग्रजीतली लांब सूचना कोण वाचतो? आधीच बसवलेल्यांपैकी एकच बदलायची असेल तर देखभालीच्या मेनूत 'रीइन्स्टॉल' आणि 'रिप्लेस' आहेत. ते बाकीच्यांना हात लावत नाहीत. पुढे कधीतरी चौथी लागेल असं वाटत असेल तर सुरुवातीलाच एक 'प्रोजेक्ट स्पेस' घालून ठेवा, म्हणजे कोरा कप्पा. नंतर तिथे काहीही बसवता येतं.

गावाकडच्या नेटवर तीन सिस्टिम उतरवायला बसू नका. शहरात असाल तेव्हा पेनड्राइव्हवर घेऊन या. पिन तिथूनही बसवतो. मी हे शहाणपण आचऱ्याला एका लग्नघरात शिकलो. मंडप उतरवून झाला तरी डाउनलोड चाललंच होतं.

कार्ड नंतर विंडोज लॅपटॉपला लावलं की एक चौकट येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? एकदा नाही, तीनचारदा येते. या सिस्टिम लिनक्सवर चालतात आणि लिनक्सचे कप्पे विंडोजला वाचता येत नाहीत म्हणून तो असं विचारतो. प्रत्येक वेळी 'कॅन्सल'. या एका चौकटीने जेवढी कार्डं मारलीत तेवढी विजेने मारली नसतील, असं मला वाटतं.

आणखी एक फसगत. मल्टीबूटमध्ये प्रत्येक सिस्टिमचा बूट कप्पा वेगळा असतो, तिची कॉन्फिग (सेटिंगची) फाइलही वेगळी. लॅपटॉपवर पटकन उघडते ती पिनची स्वतःची. तिच्यात आवाजाची किंवा पडद्याची ओळ लिहून कोडीत फरक पडत नाही म्हणून लोक चिडतात. ज्या सिस्टिममध्ये बदल हवा, तिच्याच कप्प्यातली फाइल उघडा. रास्पबेरी पाय ओएसमध्ये बुकवर्मपासून ती फाइल बूटच्या आत 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये गेली आहे. जुना लेख वाचून तिथे पाय आणि रास्पबेरी हे नाव-पासवर्डही घालू नका. एप्रिल २०२२ पासून तो ठरलेला वापरकर्ताच काढून टाकलाय, पहिल्या वेळी स्वतःचं नाव द्यावं लागतं.

वीज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सिस्टिम बिघडली म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पायांपैकी बहुतेकांचा चार्जर बिघडलेला असतो.

पाय ३ ला ५ व्होल्टवर २.५ अँपिअर लागतात, पाय ४ ला ३, पाय ५ ला ५. मोबाइलच्या चार्जरवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण तो आकडा बहुधा व्होल्टेज वाढवून मिळवलेला असतो. ५ व्होल्टवर तोच चार्जर कधीकधी २ अँपिअरलाच हात टेकतो. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली तर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं असं समजा. कोडीत ती कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या चौकटीत) व्हीसीजेनकमांडला 'गेट थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) विचारा. उत्तर शून्य आलं तर उत्तम. ५०००५ आलं तर शेवटचा ५ सांगतो की आत्ता या क्षणी वीज कमी पडतेय आणि प्रोसेसरचा वेग कापला जातोय; पहिला ५ सांगतो की सुरू झाल्यापासून तसं घडून गेलंय. नुसतं ५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, मघाशी नव्हतं. हार्डडिस्क फिरायला लागते तो क्षण बहुतेक वेळा हाच. ती 'टिक टिक' करून थांबत असेल तर वेगळी वीज घेणारा यूएसबी हब लावा. पाय ४ च्या चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअरच आहेत.

लाइट जाणं-येणं पावसाळ्यात चालूच. कोडी चालू असताना वीज गेली तर लिब्रीलेक सहसा तग धरते, कारण तिचा मुख्य भाग फक्त वाचण्यापुरता असतो. रास्पबेरी पाय ओएस अपडेट घेत असताना गेली तर तो कप्पा हमखास रुसतो. म्हणून अपडेट इन्व्हर्टर भरलेला असतानाच. राउटरचा छोटा यूपीएस घरात असेल तर त्याची वायर पायला जोडायचा मोह टाळा, तो बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि कुठल्याही पायला ५ व्होल्टच लागतात.

लाइट परत येते तेव्हा आणखी एक गंमत होते. पाय लगेच सुरू होतो, टीव्ही स्टँडबायवरच राहतो. पायला समोर पडदा दिसत नाही, मग नंतर टीव्ही लावला तरी 'नो सिग्नल'. जुन्या लेखांतली फोर्स हॉटप्लगची ओळ पडदा सांभाळणाऱ्या नव्या केएमएस ड्रायव्हरवर चालत नाही. लिब्रीलेकमध्ये टीव्ही चालू असताना 'गेटईडिड क्रिएट' (getedid create) एकदा चालवा, टीव्हीची ओळख साठवून ठेवली जाते. आणि पाय ४ वर केबल वीजेच्या पोर्टाशेजारच्याच एचडीएमआयमध्ये हवी.

डिस्क, वायफाय, घड्याळ

सिनेमे कार्डावर ठेवू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि डिस्कला नाव द्या. लिब्रीलेक ती एका वाटेवर दाखवते, डेस्कटॉप दुसऱ्या वाटेवर. नाव असलं की निदान शोधता येतं. डेस्कटॉपवर फस्टॅबमध्ये (fstab, सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) डिस्कची ओळ घातली असेल तर 'नोफेल' (nofail) विसरू नका. डिस्क कोणी काढून नेली तर पाय सुरूच न होता इमर्जन्सीच्या पडद्यावर थांबतो आणि आत्या पुन्हा फोन करते. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची असेल आणि विंडोज 'फास्ट स्टार्टअप'ने बंद झालं असेल, तर ती फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. लॅपटॉपमधून नीट 'इजेक्ट' करून काढा.

वायफायचा देश, म्हणजे आपण कुठल्या देशात आहोत ते, प्रत्येक सिस्टिममध्ये स्वतंत्रपणे नेमावं लागतं. डेस्कटॉपवर नेमला नाही तर वायफाय बंदच राहतं. आपल्या जांभ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फारसं पोचत नाही, आणि २.४ वर गेलात तर यूएसबी ३ ची डिस्क त्यातच खरखर घालते. डिस्क पायपासून लांब ठेवा, किंवा सरळ लॅन केबल ओढा. गडगडायला लागण्याआधीच मात्र ती केबल उपटून ठेवा.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. पाय ४ पर्यंत कुठल्याच पायमध्ये बॅटरीचं घड्याळ नाही. वेळ तो नेटवरून घेतो. नेट नसताना लाइट जाऊन आली की पाय जुन्याच तारखेत राहतो, मग नेट आल्यावरही वेळ जुळेपर्यंत कोडीचे ॲड-ऑन (वरून घातलेल्या सोयी) 'सर्टिफिकेट चुकीचं' म्हणून रडतात. लोक ॲड-ऑन काढून पुन्हा घालतात, सिस्टिम नव्याने बसवतात. आधी तारीख बघा.

खारी हवा पंख्यातून आत ओढली जाते, म्हणून मी पंखा लावत नाही. ॲल्युमिनियमची बंद पेटी लावतो, ती स्वतःच तापून गार होते. पाय ८० अंशांला वेग कापायला लागतो, आणि मे महिन्यात टीव्हीच्या बंद कपाटात तिथे पोचायला वेळ लागत नाही. कपाटाचं दार उघडं ठेवलं तरी पुरतं. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, कार्ड आणि एचडीएमआयच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

सगळं नीट चालू झालं की त्याच दिवशी कार्डाची पूर्ण प्रत काढा. ती दुसऱ्या कार्डावर उतरवून, त्यावर तारीख लिहून, आत्याच्या घरी देवघराच्या खणात ठेवलेली आहे. गेल्या श्रावणात मूळ कार्ड गेलं तेव्हा मी रत्नागिरीला होतो. आत्याने फोन स्पीकरवर ठेवला, नातवाने टीव्हीमागे हात घातला, आणि पाच मिनिटांत ती म्हणाली, "आयलो."