माटुंगा पायी फिरायचं असेल तर

पहिली गोष्ट, ट्रेन. माटुंगा म्हणजे सेंट्रल लाइनवरचं, माटुंगा रोड वेस्टर्नवर आहे, नवखे लोक तिथे उतरतात आणि मग फोन करतात की हॉटेलं कुठायत. स्लो लोकल पकडा. २०१७ पासून हे स्टेशन पूर्णपणे बायका चालवतात, तिकीट खिडकीपासून सगळं.

सोमवार सोडून या कारण नाव असलेली बरीचशी उडुपी हॉटेलं सोमवारी बंद असतात, आणि रविवारी सकाळी कॅफे मद्रासच्या बाहेर नाव लिहून ताटकळायची तयारी नसेल तर मधला वार बघा. पूर्वेला उतरलात की लगेच राम नायकांचं उडुपी (१९४२ पासून), दुपारी भूक ठेवून जा, केळीच्या पानावर जेवायचं. आमच्या मते सांबारापेक्षा रसम भारी. बाहेर फुलवाल्यांकडे मोगरा, अबोलीचे गजरे हातावर मोजून कापून देतात, शेजारी केळीची पानं, कच्ची केळी, फिल्टर कॉफीची पावडर, मुंबईत असं एका रांगेत दुसरीकडे मिळत नाही.

मग किंग्ज सर्कल, म्हणजे माहेश्वरी उद्यान. इथून वर बघत चाला, दुकानांच्या पाट्या नाही, वरचे मजले. गोल कोपऱ्याच्या गॅलऱ्या, जिन्याच्या उभ्या काचा, आर्ट डेको नावाची बांधकामाची शैली आहे ही सगळी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था आली आणि त्यांनी दादर-माटुंगा आखून वसवलं, म्हणून रस्ते रुंद, झाडं आणि दोन बिल्डिंगांत हवा यायला जागा. आता रिडेव्हलपमेंटमध्ये जुन्या बिल्डिंगी पडतायत, तेव्हा लवकर बघून घ्या.

पुढे आंबेडकर रोड क्रॉस करून फाइव्ह गार्डन्स, लागून पारशी कॉलनी. ट्रस्टमध्येच इंजिनियर असलेल्या मंचेरजी जोशींनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट मिळवले, त्यांचा पुतळाही आहे तिथे. इतर पारशी बागांसारखी (म्हणजे पारशी वसाहतींसारखी) इथे भिंत नाही की गेट नाही, कोणीही फिरू शकतं, फक्त लोकांच्या घरात मोबाइल रोखून फोटो काढू नका, आजोबा गॅलरीतून ओरडतात आणि बरोबरच करतात.

पाय दुखले तर परत रोड ओलांडून रुईया नाक्यावर या, कॉलेजची पोरं कायम असतात, खायलाही मिळतं. तिथून दादर स्टेशन चालत जवळ, माटुंग्याला उलटं जायची गरज नाही आणि फास्टही मिळते.