किन्सेअन्येरा: आधी चर्च, मग हॉल

टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन घरात मुलगी पंधराची होणार असेल, तर किन्सेअन्येराची, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याची, तयारी वर्षभर आधी सुरू करा. पहिला फोन चर्चला करा, हॉलवाल्याला नंतर. उलट केलं तर हॉलचे पैसे भरलेले आणि त्याच शनिवारी चर्चमध्ये लग्न, अशी गत होते. किन्सेअन्येरा हा आशीर्वाद आहे, लग्नासारखा संस्कार नाही, त्यामुळे तारखेचा पहिला मान लग्नाला. चर्च बहुधा बाप्तिस्म्याचा आणि पहिल्या कम्युनियनचा (पहिल्यांदा प्रभुभोजन घेतल्याचा) दाखला मागतं, अनेक ठिकाणी वर्गही करावे लागतात. बाप्तिस्मा मेक्सिकोत झाला असेल तर दाखला मागवण्याचं काम सगळ्यात आधी.

खर्च पाद्रिनो, म्हणजे मुलीचे धर्मपालक आणि जवळची मंडळी, वाटून घेतात: मुकुट एकाचा, पदक दुसऱ्याचं, बायबल, केक, शेवटची बाहुली (बालपण संपल्याची खूण) आणखी कुणाकुणाची. वहीत नुसतं 'केक' लिहू नका. किती जणांचा, आणणार कोण, पैसे कधी, हेही लिहा. हॉल मात्र स्वतःच्या खिशातून घ्यावा. पाद्रिनोने ऐनवेळी माघार घेतली तर केक दुसरा मिळतो, हॉल नाही.

परंपरेने सोबत नाचणाऱ्या मुलामुलींच्या चौदा जोड्या आणि पंधरावी ती. सहा-सात पुरेत, कारण प्रत्येक तालमीला दोघं तरी गायब असतात. व्हाल्सची (वॉल्ट्झ नाचाची) तालीम आठवड्यातून एकदा, तीन महिने. बिघडतं ते कपड्यांमुळे: तालीम जीन्समध्ये होते आणि त्या दिवशी झग्याखालचा गोल सांगाडा चांबेलानला (तिच्यासोबत नाचणाऱ्या मुलाला) हातभर लांब ढकलतो, मग त्याचा पाय घेरावर पडतो. शेवटच्या चार तालमी सांगाडा घालूनच करा.

बूट बदलायचा प्रसंग सोपा वाटतो, तसा नसतो. ती सपाट चपलांत येते, वडील गुडघ्यावर बसून टाचेचे बूट चढवतात. खुर्ची बिनहातांची हवी, नाहीतर घेर मावत नाही. पट्टे आधीच सैल करून ठेवा. सगळे बघत असताना बारीक बक्कल बापाच्या अंगठ्याला सापडत नाही. टाच रुंद, पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर. दोन आठवडे घरात वापरून ते बूट पायाला रुळलेले असावेत, कारण पुढचा नाच त्यांतच आहे.

बाहुली धाकट्या बहिणीला द्यायची. ती चारच्या आतली असेल तर गर्दी बघून टेबलाखाली शिरते, तेव्हा तिच्या आईला शेजारीच उभं करा.